नखाखाली

आमच्या करवीर तालुक्याएवढा देश, मी सांगतो,
आणि उद्यमनगरात कुणाला पटत नाही.
"एवढाच?" लेथ चालूच ठेवून नरसूतात्या विचारतात.
एवढाच, तात्या.
शिरोली नाक्यावरनं आडवं निघालासा
तर कागलच्या अलीकडं समुद्र लागतोय.
उभं गेलासा तर संकेश्वरच्या आधी.
बांबवड्याच्या पावण्यांकडं जायचं म्हटलं, तर पोहत.

तात्या हसतात.
लोखंडाचा कीस वळ्या घेत पायाशी पडतो.
याच लेथवर मी अकरा वर्षं होतो.
तिथं काय करतोस, विचारतात.
हेच. फ्लँज, बुश, शाफ्ट.
मायक्रॉन तिथंही मायक्रॉनच असतो,
फक्त तपासायला येणारा रोमेल
मला इंद्रजित म्हणत नाही, इंदर म्हणतो,
आणि दोन अक्षरं सिगारेटच्या थोटकागत टाकून देतो.

पहिल्या वर्षी फोनवर आईला म्हणालो,
सीपीआर हरवलंय गं माझं.
तिथं सीपीआर म्हणजे ओळखपत्र,
ते नसलं की माणूस नसतो.
इथं सीपीआर म्हणजे थोरला दवाखाना,
दसरा चौकापासनं हाकेवर.
आई ओरडली: कोण ॲडमिट हाय? खरं सांग!
मी ओरडलो: कार्ड, आई, कार्ड!
ती रडायलाच लागली.
महिन्याभरानं कार्ड मिळालं,
तर म्हणाली, सोडलं का मग तुला घरी?

राजनंदिनीच्या ॲटलासात तो देश सापडत नाही.
नाव आहे, ते समुद्रात लिहिलेलं,
अक्षरं देशापेक्षा मोठी.
तिनं बोट ठेवलं, मेंदी उतरत आलेलं,
आणि म्हणाली,
पप्पा, तुम्ही माझ्या नखाखाली गेलासा.
बोट उचल, म्हणालो.
थांबा की, म्हणाली. जरा राहू दे.

बेचाळीस दिवसांची रजा.
पहिल्या रात्री तहान लागली म्हणून उठलो,
अंधारात भिंतीवर हात गेला, वरचं दुसरं बटण,
आणि ट्यूब लागायच्या जागी
डोक्यावर पंखा फिरायला लागला.
खालचं दाबलं, देव्हाऱ्यातला बल्ब.
शेजारचं दाबलं, बाहेर गॅलरीत उजेड,
आणि समोरच्या भोसल्यांचं कुत्रं जागं झालं.
वैजू उशीवरनंच म्हणाली,
बोर्ड बदललाय. मागच्या दिवाळीत. शॉर्ट झालता.
सांगायचं राहिलं.

सांगायचं राहिलं, एवढंच.
वायरमन तिनंच बोलावला, पैसे तिनंच दिले,
गाडी शिकली, गॅसचा नंबर, घरफाळा,
बँकेतला साहेब तिला नावानं ओळखतो.
मी पाठवलेलं सगळं इथं पोचलं,
मीच तेवढा अडीच तास मागं चालतो.
पोरगी पाण्याचा तांब्या आणून देते,
पाव्हण्यांना देतात तसा, दोन्ही हातांनी.

मग मी बटणं पाठ करायला घेतली.
हसू नका. मोठ्या माणसानं,
दुपारी घरात कुणी नसताना,
डोळे मिटून भिंतीसमोर उभं राहून:
वर डावं ट्यूब, वर दुसरं पंखा,
खाली देव, त्याच्या शेजारी गॅलरी,
शेवटचं कशाचंच नाही.
ते शेवटचं कशाचं, विचारलं,
तर वैजू म्हणाली, रिकामं ठेवलंय.
पुढं काय लावायचं झालं तर.

आता तिथं आलोय. जुलै.
दुपारी बाहेरचं काम बंद, सायरन झाला
की सगळे सावलीत, तोंडावर ओला टॉवेल.
खोलीत चौघं: बिजू, सोहाग, तिलक आणि मी.
काल रात्री लघवीला उठलो,
हात भिंतीवर गेला बरोबर,
वर डावं,
आणि चौघांच्या तोंडावर उजेड.
बिजू त्याच्या भाषेत काहीतरी बोलला,
अर्थ विचारायची गरज नव्हती.
मी बंद केलं.
बोट मात्र बटणावरच राहिलं
थोडा वेळ.
जरा राहू दे.